एमआरआयमधलं ‘रिंग एन्हान्सिंग लेजन’: गाठ जंताची, टीबीची की ट्यूमरची, हे कसं ठरवतात?

प्रश्न थोडक्यात असा: सव्वीस वर्षांच्या भावाला पहिल्यांदाच फिट आली. उजवा हात आणि तोंडाची उजवी बाजू दोनेक मिनिटं ओढली गेली, मग शुद्ध हरपली. आता तो पूर्ण बरा आहे. एमआरआयच्या रिपोर्टात लिहिलंय: ‘डाव्या फ्रंटोपॅरायटल भागात १३ मिमीचं रिंग एन्हान्सिंग लेजन, भोवती सूज. ट्युबरक्युलोमा / न्यूरोसिस्टिसरकोसिस / निओप्लाझम. क्लिनिकली कोरिलेट करावे.’ म्हणजे मेंदूच्या डाव्या बाजूला पुढच्या-वरच्या भागात कड्यासारखी उजळणारी गाठ; ती टीबीची, जंताच्या अळीची की ट्यूमरची, हे लक्षणांशी ताडून ठरवा. एका डॉक्टरांनी टीबीची औषधं लगेच सुरू करायला सांगितलं, दुसऱ्यांनी बायोप्सी सुचवली. घर पूर्ण शाकाहारी. मग करायचं काय?

आधी उत्तर देतो, कारणं मागून. दिलेल्या माहितीवरून ही गाठ पट्टकृमीच्या अळीची, म्हणजे न्यूरोसिस्टिसरकोसिसची, असण्याची शक्यता सर्वांत जास्त दिसते. त्याखालोखाल टीबी, आणि ट्यूमर बराच मागे. बायोप्सीची घाई नको आणि ‘असू दे, सुरू करून बघू’ म्हणून टीबीच्या औषधांचीही नको. फिटचं औषध मात्र एक दिवसही चुकवू नका.

‘रिंग’ हे निदान नव्हे, ते नुसतं वर्णन आहे. कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्रात उजळणारं गॅडोलिनियमचं औषध, शिरेतून देतात. निरोगी मेंदूत ते रक्तवाहिनीबाहेर पडत नाही, कारण तिथल्या केशवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. हा बांध जिथे फुटतो तिथे कॉन्ट्रास्ट झिरपतं आणि टी१ चित्रात (एमआरआयच्या अनेक प्रकारच्या चित्रांपैकी एकात) तो भाग पांढरा दिसतो. गाठीच्या कडेला रक्तपुरवठा असतो, दाह असतो, बांध फुटलेला असतो. आतमध्ये रक्तवाहिन्याच नसतात. तिथे पाणी, पू किंवा मेलेली ऊती असते. म्हणून कडा पांढरी आणि मध्य काळा. जंताची अळी, टीबीची गाठ, पुवाचं गळू, ग्लिओब्लास्टोमा (मेंदूतलाच जहाल ट्यूमर), दुसरीकडच्या कॅन्सरची मेंदूत आलेली गाठ (मेटास्टॅसिस), डिमायलिनेशन (मज्जातंतूंचं आवरण झडणं), दोन-तीन आठवड्यांपूर्वीचं इन्फार्क्ट (रक्त न मिळून मेलेला भाग) किंवा मुरत आलेला रक्तस्राव, रेडिएशननंतर मेलेला भाग, या सगळ्यांत हेच चित्र तयार होऊ शकतं. रिपोर्टात तीन नावं तिरक्या रेघा मारून लिहिणं सोपं असतं. त्यांतलं कोणतं किती संभवतं हे लिहिणं, हे रेडिऑलॉजिस्टचं खरं काम.

परदेशी पुस्तकांत या यादीची सुरुवात मेटास्टॅसिस आणि ग्लिओब्लास्टोमापासून होते. तिथल्या रुग्णांसाठी ती बरोबरच आहे. महाराष्ट्रातल्या सव्वीस वर्षांच्या, अंगावर एकही लक्षण न उरलेल्या तरुणाला पहिली फिट येते आणि स्कॅनमध्ये एकच लहान रिंग दिसते, तेव्हा यादी उलटी वाचावी लागते. आपल्याकडे सीटी रुळू लागलं त्या काळात असा ठिपका दिसला की त्याला ट्युबरक्युलोमा म्हणत आणि टीबीची दीर्घ औषधं देत. काही महिन्यांनी ठिपका नाहीसा होई आणि श्रेय औषधांना मिळे. पुढे लक्षात आलं की टीबीची औषधं न देताही यांतले पुष्कळ ठिपके विरून जातात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात राजशेखर आणि चांडी या न्यूरोसर्जननी शस्त्रक्रियेने काढलेल्या अशा गाठींच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीच्या आधारावर निकष मांडले. बहुतेक लहान, एकट्या गाठी सिस्टिसरकसच्या, म्हणजे याच अळीच्या, निघाल्या होत्या. ते निकष आजही उपयोगी पडतात: गाठ एकच, २० मिमीपेक्षा लहान, मध्यरेषा सरकवणारी जबर सूज नाही, डोक्यातला दाब वाढल्याची ठळक लक्षणं नाहीत, आणि हातपाय उत्तरोत्तर कमजोर होत जाणं नाही. टीबीची गाठ बहुधा २० मिमीहून मोठी, कडा वेडीवाकडी, आणि रुग्ण हळूहळू खालावत गेलेला. तुमच्या भावाचे १३ मिमी या हिशेबात कुठे बसतात ते दिसतंच आहे. तरी लक्षात ठेवा, हे कौल देणारे निकष आहेत, शिक्कामोर्तब करणारे नाहीत.

आता स्कॅनकडे. नाव ठरवण्याआधी पाहायचं ते हे की स्कॅन वाचण्याजोगा झालाय का. निम्मे गोंधळ इथेच होतात. पहिल्या पिढीच्या सीटी यंत्रांत एकेक छेद १३ मिमी जाडीचा असे; तुमच्या भावाची अख्खी गाठ एकाच छेदात मावली असती आणि आतलं काहीही कळलं नसतं. आज यंत्रं कितीतरी पुढे गेली आहेत, पण घाईच्या प्रोटोकॉलमध्ये अजूनही ५ मिमीचे छेद आणि मध्ये १ मिमी मोकळी जागा ठेवतात. अशा स्कॅनमध्ये ३–४ मिमीची दुसरी गाठ निसटते, आणि ‘एकच गाठ’ या शब्दांवर उभा केलेला सगळा तर्क कोसळतो. कॉन्ट्रास्टनंतर १ मिमीचं थ्रीडी टी१ हवंच.

दुसरी गोष्ट कॉन्ट्रास्टच्या मात्रेची आणि वेळेची. नेहमीची मात्रा वजनाच्या दर किलोला ०.१ मिलिमोल. अर्ध्या मोलर (लिटरमागे अर्धा मोल) द्रावणाची ०.२ मिलि प्रतिकिलो, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ मिलि. एक मोलर असलेल्या गॅडोब्युट्रॉल या कॉन्ट्रास्टची याच्या निम्मी. सरसकट प्रत्येकाला अर्ध्या मोलर द्रावणाची १० मिलिची एक बाटली टोचली तर ८५ किलोच्या माणसाला मात्रा कमी पडते आणि भिंत फिकी दिसते. इंजेक्शननंतर किमान पाच मिनिटं थांबायला हवं. लगेच चित्रं घेतली तर बारीक गाठी उजळत नाहीत. मधल्या वेळात टी२ किंवा फ्लेअर (पाणी आणि सूज दाखवणारी चित्रं) घेऊन ठेवता येतं, म्हणजे यंत्रही रिकामं राहत नाही.

तिसरी गोष्ट, स्कॅनच्या आधी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू झालं होतं का? स्टेरॉइडने फुटलेला बांध काही प्रमाणात सांधला जातो, सूज उतरते, रिंग अंधूक होते. लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर) तर काही दिवसांत जवळपास गायब होऊ शकतो, आणि मग बायोप्सीतही हाती काही लागत नाही. म्हणून रुग्ण स्थिर असेल तर आधी स्कॅन, मग स्टेरॉइड. रुग्ण गुंगीत असेल तर मात्र स्टेरॉइड थांबवायचं नाही. चित्रापेक्षा जीव मोठा. फिट नुकतीच येऊन गेली असेल तर आसपासचं कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा करडा थर) सुजून डिफ्यूजनवर (पाण्याच्या रेणूंची हालचाल दाखवणाऱ्या चित्रात) पांढरं दिसतं, मेंदूच्या आवरणावरही तात्पुरती चमक येते. हे फिटचे परिणाम आहेत, गाठीचा विस्तार नव्हे. यावरून कुणी ‘गाठ पसरतेय’ म्हटलं तर फिट आणि स्कॅन यांत किती तास गेले ते विचारा.

स्कॅन नीट झालेला असेल तर गाठ आतून बाहेर वाचायची. सर्वांत जास्त माहिती मध्यभागात असते. जंताच्या अळीची पिशवी सुरुवातीला पाण्याने भरलेली असते आणि आत एका कडेला अळीचं डोकं, स्कोलेक्स, तांदळाच्या कणीएवढं दिसतं. मध्यभागी नव्हे, कडेला, हे महत्त्वाचं. स्कोलेक्स दिसलं की निदान पक्कं, पुढच्या चर्चेची गरज उरत नाही. ते साध्या ५ मिमीच्या टी२ वर क्वचितच दिसतं. त्यासाठी सीआयएसएस किंवा फिएस्टा नावाचं, मिमीहूनही पातळ छेदांचं सीक्वेन्स (चित्रं घेण्याची पद्धत) लागतं. यंत्राच्या कंपनीप्रमाणे नाव बदलतं, चित्र तेच. अळी मरायला लागली की आतलं पाणी गढूळ होतं, भोवती सूज चढते, रिंग उजळते आणि नेमकी तेव्हाच फिट येते. म्हणजे फिट येणं हे बहुधा अळी मरत असल्याचं लक्षण असतं. पुढे पिशवी आकसून गाठोडं होतं आणि शेवटी चुन्याचा खडा उरतो किंवा काहीच उरत नाही. तुमच्या भावाच्या स्कॅनमध्ये स्कोलेक्स नसेल तर त्याने जंताची शक्यता बाद होत नाही. या अवस्थेत ते विरघळलेलं असू शकतं.

टीबीच्या गाठीचा मध्य पनीरासारखा घट्ट झालेला असेल तर टी२ वर तो काळसर दिसतो. पाण्याने भरलेली कोणतीही गाठ टी२ वर पांढरीशुभ्र दिसते, म्हणून रिंगच्या आतला हा काळेपणा मोलाचा. मात्र टीबीचा मध्य पातळ झाला की टी२ वर तोही पांढरा होतो. कॉन्ट्रास्टच्या आधी घेतलेलं मॅग्नेटायझेशन ट्रान्सफर टी१ इथे कामी येतं: टीबीच्या भिंतीतल्या चरबीमुळे कडा कॉन्ट्रास्टशिवायच उजळ दिसते. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत यावर बरंच काम झालं आहे. काही मिनिटांचं सीक्वेन्स आहे, तरी अनेक सेंटरांत घेतच नाहीत. याची मला मनापासून खंत वाटते, कारण आपल्या भागात टीबी आणि जंत यांच्यातला वाद रोजचा आहे. टीबीच्या बाजूने बोलणाऱ्या आणखी खुणा गाठीबाहेर सापडतात: मेंदूच्या तळाच्या आवरणावर जाड चमक, पाण्याच्या पोकळ्या फुगणं, खोल भागातली लहान इन्फार्क्ट्स, एकमेकींना चिकटून बसलेल्या गाठींचा घोस.

पुवाचं गळू आहे का, हा प्रश्न मात्र पहिल्या दिवशीच निकालात काढायचा, कारण तिथे उशीर परवडत नाही. साधन म्हणजे डिफ्यूजन. पू घट्ट असतो, त्यात पाण्याचे रेणू मोकळे हलू शकत नाहीत. म्हणून डिफ्यूजनच्या बी-१००० या चित्रात गाठीचा मध्य लखलखीत पांढरा आणि त्याच मोजणीवरून काढलेल्या एडीसी नकाशात तोच भाग काळा. ट्यूमर आतून सडला की तिथे पातळ द्रव असतो: डिफ्यूजनवर काळपट, एडीसीवर पांढरा. दोन्ही चित्रं शेजारी ठेवूनच वाचायची. नुसतं डिफ्यूजन पांढरं आणि एडीसीही पांढरा असेल तर तो टी२ चा उजेड झिरपलेला असतो, अडथळा नव्हे. ही चूक वाटते त्यापेक्षा जास्त वेळा होते. याचेही अपवाद आहेत. गाठीत रक्त असेल तर मेटास्टॅसिसचा मध्यही डिफ्यूजनवर अडलेला दिसू शकतो, टीबीचं गळू पुवासारखंच वागतं, आणि आठवडाभर अँटिबायोटिक घेतलेल्या गळूत ही खूण पुसट होऊ लागते. म्हणून लगोलग एसडब्ल्यूआय (रक्त आणि चुना काळा दाखवणारं चित्र) पाहायचं. गळूच्या भिंतीवर तिथे बरेचदा दुहेरी कडा दिसते, बाहेर काळी आणि तिला लागून आत उजळ. ताप, कान फुटणं, सायनस, दातांचं पस, जन्मजात हृदयविकार यांची चौकशी झाली पाहिजे. ताप नाही म्हणजे गळू नाही, असं मात्र नाही.

एसडब्ल्यूआयवर काळा ठिपका दिसला की तो चुना की जुनं रक्त, हा वाद सुरू होतो. एसडब्ल्यूआयबरोबर मिळणाऱ्या फेज चित्रावर दोघं एकमेकांच्या उलट रंगाचे दिसतात, पण कोणता रंग कुणाचा हे यंत्राच्या कंपनीगणिक बदलतं. म्हणून त्याच रुग्णाच्या चित्रात पिनियल ग्रंथीचा चुना शोधायचा आणि त्याच्याशी ताडून पाहायचं. तेही जमलं नाही तर एक साधा सीटी पाच मिनिटांत उत्तर देतो. चुना ओळखण्यात सीटीला आजही तोड नाही.

भिंत आता. जंताची भिंत पातळ, गुळगुळीत, सारख्या जाडीची. ग्लिओब्लास्टोमाची जाड, गाठाळ, आतून कुरतडल्यासारखी. डिमायलिनेशनची रिंग बहुधा अर्धवट, घोड्याच्या नालासारखी, आणि तिची उघडी बाजू कॉर्टेक्सकडे. ही उघडी रिंग ओळखली नाही म्हणून डोकं उघडल्याचे प्रसंग जगभर नोंदले गेलेत. तरुण माणसात दृष्टी गेल्याचा किंवा पाय बधिर झाल्याचा पूर्वेतिहास असेल तर इथे थांबून पाठीच्या कण्याचाही एमआरआय करावा.

भोवतालची सूज सगळ्यांतच असते. फरक इतकाच की जंताच्या किंवा टीबीच्या गाठीभोवतीची सूज मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात बोटांसारखी शिरते आणि कॉर्टेक्सला सोडते, तर ग्लिओमा (मेंदूच्या आधारपेशींचा ट्यूमर) सुजेच्या आडून स्वतः पसरत असतो. फ्लेअरवर कॉर्टेक्स जाडसर झालंय का, पांढरा पट्टा कॉर्पस कॅलोसम (मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा पूल) ओलांडून पलीकडे गेलाय का, हे पाहायचं. ओलांडला असेल तर ग्लिओब्लास्टोमा किंवा लिम्फोमा यांकडे वळायचं. ग्लिओब्लास्टोमा बहुतेक करून पन्नाशीनंतरचा आजार आहे. तरुण वयातल्या कमी प्रतीच्या (सावकाश वाढणाऱ्या) ग्लिओमात सहसा रिंग नसतेच. त्यात टी२ वर एकसारखा पांढरा आणि फ्लेअरवर मधोमध काळवंडलेला, कडेनं उजळ राहिलेला भाग दिसला तर तो आयडीएच जनुकात बदल असलेला ॲस्ट्रोसायटोमा (ग्लिओमाचा एक प्रकार) असण्याचा चांगला पुरावा मानतात. पण २०१६ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणापासून ग्लिओमाचं पूर्ण नाव आयडीएच, १पी/१९क्यू यांसारख्या जनुकीय चाचण्यांशिवाय लिहिताच येत नाही. त्यामुळे फक्त एमआरआय पाहून ‘ग्रेड दोन’, ‘ग्रेड तीन’ असं छातीठोक सांगणाऱ्यावर विसंबू नका. मेटास्टॅसिस करड्या आणि पांढऱ्या भागाच्या सीमेवर बसते, आणि गाठ केवढीशी व सूज केवढी, असं व्यस्त प्रमाण असतं. फुप्फुस आणि स्तन हे नेहमीचे उगम. चाळिशीपुढच्या माणसात एकच रिंग असली तरी छातीचा सीटी केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

स्पेक्ट्रोस्कोपीबद्दल सविस्तर सांगतो, कारण कुटुंबं तिच्यावर फार भरवसा ठेवतात आणि पैसेही वेगळे मोजतात. यात एका चौकोनी खोक्यातल्या रसायनांचे सुळके मोजतात: एनएए (निरोगी चेतापेशींची खूण) मापपट्टीच्या २.० पीपीएमवर, क्रिएटिन ३.० वर, कोलीन ३.२ वर, लिपिड आणि लॅक्टेट ०.९ ते १.३ च्या पट्ट्यात. ढोबळ नियम असा की ट्यूमरच्या भिंतीत कोलीन चढतं आणि एनएए उतरतं, टीबीच्या मध्यात लिपिडचा रुंद सुळका एकटाच उभा राहतो, आणि पुवाच्या गळूत ०.९ वर अमिनो आम्लं, १.९ वर ॲसिटेट, २.४ वर सक्सिनेट मिळू शकतं. अडचण मापात आहे. खोकं साधारण १५ मिमीचं असतं आणि तुमच्या भावाची गाठ १३ मिमीची. म्हणजे खोक्यात गाठीबरोबर सूज आणि चांगला मेंदूही येणार, सगळ्यांची सरमिसळ होणार. त्यात गाठ कवटीलगत असेल तर टाळूच्या चरबीचा सुळका आत घुसतो आणि ‘लिपिड पीक दिसतोय, म्हणजे टीबी’ असा निष्कर्ष कागदावर उतरतो. शिवाय सडलेल्या ग्लिओब्लास्टोमातही लिपिड असतंच. एवढ्या लहान गाठीत निव्वळ स्पेक्ट्रोस्कोपीवर टीबीची औषधं सुरू करणं मला अयोग्य वाटतं. रिपोर्टबरोबर खोकं नेमकं कुठे ठेवलं होतं त्याचं चित्र आहे का ते पाहा. नसेल तर त्या सुळक्यांना अर्थ नाही.

परफ्यूजन जरा जास्त विश्वासाचं. भिंतीतला रक्तसाठा समोरच्या बाजूच्या निरोगी पांढऱ्या भागाच्या किती पट आहे ते मोजतात. वरच्या प्रतीच्या, म्हणजे जहाल, ग्लिओमात तो बहुधा १.७५ पटीहून जास्त भरतो. जंताच्या गाठीत सहसा कमी. सेकंदाला ४–५ मिलि वेगाने कॉन्ट्रास्ट सोडावं लागतं, त्यामुळे हाताच्या चांगल्या शिरेत १८ किंवा २० गेजची कॅन्युला हवी. मनगटावरच्या निळ्या बारीक सुईतून केलेलं परफ्यूजन न केल्यासारखंच. पेट स्कॅनची या टप्प्यावर गरज नाही: मेंदूचं कॉर्टेक्स मुळातच ग्लुकोज भरपूर खातं आणि टीबीची गाठही खाते, त्यामुळे साधं एफडीजी पेट टीबी आणि ट्यूमर यांत फरक करू शकत नाही. शरीरात दुसरीकडे कॅन्सर लपलाय का हे शोधायला ते उपयोगी.

शाकाहारी घराचा मुद्दा. डुकराचं कच्चं मांस खाल्ल्याने पोटात पट्टकृमी होतो, मेंदूत अळी होत नाही. मेंदूतली अळी होते ती त्या कृमीची अंडी पोटात गेल्याने. ज्याच्या आतड्यात कृमी आहे त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात आणि न धुतलेल्या हातांतून, सांडपाण्यावर वाढलेल्या कोथिंबीर-मुळा-गाजरातून, पाण्यातून कुणाच्याही तोंडात जाऊ शकतात. म्हणून जन्मभर मांसाला हात न लावलेल्यांनाही हा आजार होतो. ‘आम्ही शाकाहारी आहोत’ यावरून ही शक्यता खोडू नका. घरात शिजवणाऱ्या किंवा सोबत राहणाऱ्या कुणाला विष्ठेतून पांढरे चपटे तुकडे पडतात का, हे विचारा आणि विष्ठा तपासून घ्या.

स्कॅनबरोबर करायच्या तपासण्या म्हणजे छातीचा एक्स-रे आणि शंका असेल तर सीटी, एचआयव्ही, डोळ्याच्या पडद्याची तपासणी, वजन घटणं, संध्याकाळचा ताप, खोकला यांची नीट चौकशी आणि घरात टीबीचा रुग्ण होता का हे. एचआयव्ही असेल तर सगळा क्रमच बदलतो, टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी आणि लिम्फोमा वर येतात. जंताची रक्तचाचणी एकाच गाठीत बरेचदा निगेटिव्ह येते, तिच्यावर निर्णय सोडू नये. डोळ्याची तपासणी टाळू नका: डोळ्यात अळी असताना अल्बेंडाझोल हे जंताचं औषध दिलं तर ती मरताना दृष्टी जाऊ शकते.

मग टीबीची औषधं ‘सुरू करून बघू’ म्हणण्यात काय बिघडतं? मेंदूच्या टीबीचा उपचार ९ ते १२ महिन्यांचा, कधी त्याहून लांब. यकृतावर ताण येतो. शिवाय रिफाम्पिसिनमुळे फेनिटॉइन, कार्बामॅझेपीन, व्हॅल्प्रोएट आणि स्टेरॉइड यांची रक्तातली पातळी खाली येते, तर आयसोनियाझिडमुळे फेनिटॉइनची चढते. म्हणजे फिटच्या ज्या औषधावर सगळी मदार, तेच डळमळीत होतं. आणि ठिपका विरला तरी तो औषधाने विरला की आपोआप, हे कधीच कळत नाही. उलट छातीत टीबीचे पुरावे असतील, थुंकी किंवा लसिका ग्रंथीच्या सीबीनॅटमध्ये (टीबीच्या जनुकीय चाचणीत) जंतू सापडला असेल, गाठ मोठी, टी२ वर काळी असेल, तर मात्र औषधं ताबडतोब आणि पूर्ण मुदतीची. तेव्हा एक इशारा कानावर असू द्या: योग्य उपचार सुरू असतानाही पहिल्या काही महिन्यांत टीबीची गाठ वाढलेली दिसू शकते. ती प्रतिकारशक्तीची प्रतिक्रिया असते. तेवढ्यावरून औषध बदलू नये, आधी न्यूरोलॉजिस्टना दाखवावं.

तुमच्या भावासाठी मला योग्य वाटतो तो क्रम असा. स्कॅनची डायकॉम (मूळ डिजिटल चित्रांची) सीडी घ्या, फिल्म पुरत नाही. फिल्मवर प्रकाश बदलता येत नाही आणि मोजता येत नाही. ती न्यूरोरेडिऑलॉजीचा अनुभव असलेल्या व्यक्तीला दाखवा. पातळ छेद, एडीसी किंवा एसडब्ल्यूआय राहिलं असेल तर तेवढंच पुन्हा करून घ्या, सगळं नव्याने नको. चित्र जंताच्या बाजूचं असेल तर न्यूरोलॉजिस्ट फिटचं औषध चालू ठेवून, आधी स्टेरॉइड देऊन, अल्बेंडाझोल वजनाच्या दर किलोला दिवसाला १५ मिग्रॅ या हिशेबाने देतात. स्वतःहून जंताच्या गोळ्या आणून देऊ नका; अळी एकदम मेली की सूज भडकते. मग साधारण दोन-तीन महिन्यांनी पुन्हा एमआरआय, शक्यतो त्याच यंत्रावर, त्याच प्रोटोकॉलने. जंताची गाठ तोवर लहान झालेली किंवा निदान वाढलेली नसते. वाढली, भिंत जाडावली, परफ्यूजन चढलं, तर तेव्हा बायोप्सीचा निर्णय घ्यायचा आणि तो न्यूरोनॅव्हिगेशन किंवा स्टिरिओटॅक्सी (सुई नेमक्या जागी नेणारी तंत्रं) असलेल्या ठिकाणी. हाताच्या हालचालीच्या पट्ट्याला लागून असलेल्या गाठीत सुई घालताना मिलीमीटरचा हिशेब असतो. ट्यूमरचा संशय सुरुवातीलाच भक्कम असेल तर मात्र तीन महिने थांबायचं नाही.

दुसऱ्या स्कॅनला जाताना अंगावरचं सगळं धातूचं घरीच काढून ठेवा: साखळी, करगोटा, कानातली भिकबाळी, बेल्ट, खिशातल्या चाव्या. बायकांच्या मंगळसूत्र, जोडवी आणि साडीच्या पिनांबाबतही तेच. भाऊ लेथवर किंवा ग्राइंडिंगचं काम करत असेल तर आधी सांगा. डोळ्यात लोखंडाची किस असू शकते, त्यासाठी आधी डोळ्यांचा एक्स-रे करतात. पेसमेकर, कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतली क्लिप असेल तर तिचं कार्ड हवं. यंत्राचं चुंबक रात्रंदिवस चालूच असतं. २०१८ च्या जानेवारीत मुंबईत रुग्णासोबत आलेला एक तरुण हातातल्या ऑक्सिजन सिलिंडरसह यंत्राकडे खेचला जाऊन दगावला. आत नेताना कुणी ‘काही होत नाही’ म्हटलं तरी ऐकू नका. मूत्रपिंडाचा आजार असेल तर क्रिएटिनीन तपासूनच कॉन्ट्रास्ट घ्यावं. दातांना तारा असतील तर पुढच्या आणि तळाच्या भागात डिफ्यूजन व एसडब्ल्यूआय बिघडतात, गाठ वर असल्याने तुम्हाला बहुधा अडणार नाही.

मधल्या काळात त्याने दुचाकी चालवू नये, विहिरीत किंवा नदीत पोहायला उतरू नये, गच्चीच्या कठड्यावर किंवा चालू यंत्राजवळ काम करू नये, न्हाणीघराला आतून कडी लावू नये. सकाळी उठल्यावर वाढत जाणारी डोकेदुखी आणि उलट्या, गुंगी, हात किंवा बोलणं कमजोर होत जाणं, पाच मिनिटांहून लांबलेली फिट किंवा शुद्ध येण्याआधी दुसरी फिट, यांतलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता थेट इमर्जन्सीत न्या.

गाठ पूर्ण विरल्याचं एमआरआयमध्ये दिसलं की एक साधा, पातळ छेदांचा सीटी मागून घ्या. चुन्याचा खडा उरलाय का, हे त्यातच नीट कळतं. खडा नसेल, मधल्या काळात फिट आलेली नसेल आणि एकूण एकदोनच फिट आल्या असतील, तर न्यूरोलॉजिस्ट औषध सहा महिन्यांच्या पुढेमागे उतरवत बंद करू शकतात. खडा उरला असेल तर फिट परत येण्याचा धोका जास्त असतो आणि औषध लांबतं. त्या खड्याभोवती कधी वर्षांनी सूज दिसली तर तो नवा ट्यूमर समजून घाबरून जाऊ नका; जुना सीटी सोबत ठेवा आणि तो समोर ठेवूनच नवा स्कॅन वाचून घ्या.